पेत्रुस हात उचलेपर्यंत

यातली एक गोष्ट मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. बाकीची तिला माहीत आहे, पण तीही या ईस्टरपासून. त्याआधीची तेरा वर्षं मी तोंड मिटून होतो. ती एक गोष्ट कुठेतरी लिहून ठेवता यावी म्हणून हे सगळं लिहायला बसलोय... थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचतो, आणि वाचून झाल्यावर त्यातली भोकं शोधतो. आमचं घर नागपूरचं, बौद्ध. नवस, अंगारा, बाहेरची बाधा असलं कुणी बोलायला लागलं की माझे वडील त्याला चहा द्यायचे आणि विषय बदलायचे. मी स्वतः सर्व्हेयर आहे, आधी खाणींवर, आता इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबामध्ये, एका लहान कंपनीत. मोजता येतं ते आहे, येत नाही ते नाही, यावरच माझं घर चालतं. बायको सुजाता नर्स आहे. मुलगी उर्वी व्हेटरिनरीच्या दुसऱ्या वर्षाला, युनिला. आणि दीड वर्षापासून सुजाताचे वडील आमच्याकडे आहेत. बाबा. पोस्टातून रिटायर झालेले, वय एकोणऐंशी. डायबेटिस आहे, आणि विसरायला लागलेत.

महिन्यातून एका रविवारी आम्ही तास-सव्वा तास गाडी चालवून स्प्रिंगफील्ड लेक्सला वंदनेला जातो. पंधरा-वीस घरं जमतात. सगळे मिळून पंचशील म्हणतात. पहिलं शील — जीव घेणार नाही. चौथं — खोटं बोलणार नाही. ही दोन आली की मी नुसते ओठ हलवतो. परतताना एकदा सुजाताने विचारलं होतं, "घसा बसलाय का तुझा?" मी म्हटलं, एसीमुळे.

एसीमुळे नव्हे. नामिबियामुळे.

तिथल्या एका खाणीवर मी दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर होतो, एकटाच. सुजाता आणि उर्वी तेव्हा नागपूरला. खाणीपासून तासाभरावर एका म्हाताऱ्या गोऱ्या मालकाचं फार्म होतं. फार्म कसलं, नुसते डोंगर. घराएवढे दगड एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे. शनिवारी आमचे लोक तिथे शिकारीला जायचे आणि रात्री मटण भाजायचे. मला सगळे 'मिस्टर सॅलड' म्हणायचे. भारतीय म्हणजे घासफूस खाणारा, हे त्यांचं ठरलेलं. मी त्यांच्यादेखत किलो किलो मटण खाल्लं तरी नाव काही बदलेना. मग एकदा म्हटलं, मीही मारतो. का म्हटलं? काही कारण नव्हतं. भूक नव्हती, शौक नव्हता. एका टोपणनावासाठी.

तिथे क्लिपस्प्रिंगर म्हणून एक हरीण असतं. आपल्याकडच्या मोठ्या करडाएवढं. दगडाच्या अगदी शेंड्यावर, चारही खुरांच्या टोकांवर उभं राहतं, एखाद्या वाटीत मावतील इतके पाय जवळ घेऊन. जन्मभर जोडीने राहतं. एक चरतं तेव्हा दुसरं उंचावर पहारा देतं. धोका दिसला की एक शिट्टी मारतं आणि लगोलग दुसरं तिला उत्तर देतं. दोन शिट्ट्या, एकामागे एक, दुसरी जराशी खालच्या पट्टीतली. त्याचे केस जाड आणि आतून पोकळ असतात, धक्का लागला की झुपकेच्या झुपके निघून येतात. परवाना एका नराचा होता. नराला बोटाएवढी शिंगं असतात, मादीला नसतात. तेवढंच बघायचं असतं.

फार्मवर माग काढणारा माणूस होता पेत्रुस. पन्नाशीचा, किडकिडीत, बावीस वर्षं त्याच मालकाकडे. बोलायचा फार कमी. त्याची एक पद्धत होती. तुम्ही नेम धरला की तो मागे बसून तुमच्या उजव्या खांद्यावर हात ठेवायचा. हात आहे तोवर थांबायचं. तो जनावर बघणार, त्याच्या मागे काय आहे ते बघणार, आणि सगळं नीट वाटलं की हात उचलणार. मग गोळी.

त्या शनिवारी सकाळी जोडी दिसली. पेत्रुसचा हात माझ्या खांद्यावर होता. मला घाम आला होता, हरीण आता पळेल असं वाटत होतं... आणि मी गोळी घातली. हात खांद्यावर असताना.

हरीण उडालं आणि दगडांत गेलं. ते जिथे उभं होतं तिथे केसांचा एक झुपका हवेत तरंगत होता. सावकाश खाली आला. तो मी स्पष्ट पाहिला. आणि शिंगं नव्हती, हेही तेव्हाच लक्षात आलं.

पेत्रुसने विचारलं, "लागली?"

मी म्हटलं, "नाही. चुकली."

जखमी जनावर तसंच सोडून यायचं नाही, हा तिथला पहिला नियम. दिवस गेला तरी चालेल, रक्ताच्या मागे जायचं. म्हणजे दिवसभर त्या उन्हात चढायचं, आणि शेवटी मादी मारली म्हणून सगळ्यांसमोर उभं राहायचं. मिस्टर सॅलडला ते नको होतं. पेत्रुसने माझ्याकडे बघितलं. "ओके, मिस्टर," एवढंच म्हणाला आणि उतरायला लागला.

दुसऱ्या दिवशी रविवार, त्याची सुट्टी. तो एकटाच पुन्हा वर गेला, ती मादी शोधायला. एका कड्यावरून पडला आणि कंबरेचं हाड मोडलं. तिथल्या बायकांना तो दुपारी सापडला.

मंगळवारी मालक स्वतः खाणीवर आला. खाणावळीत माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "पेत्रुस सांगतोय, तुझ्या गोळीने जनावर जखमी झालं होतं आणि तो ते शोधायला गेला होता. खरं आहे?"

आजूबाजूला सगळे जेवत होते.

मी म्हटलं, "नाही. माझी गोळी चुकली होती. त्यालाही सांगितलंय मी."

मालकाने मान हलवली. "मग तो चोरून शिकार करायला गेला होता," म्हणाला, आणि गेला. पेत्रुसचं काम गेलं, फार्मवरची खोली गेली. बावीस वर्षांनंतर चोर म्हणून. माझं कॉन्ट्रॅक्ट पंधरा दिवसांत संपत होतं. पेत्रुस होता तो दवाखाना रस्त्यातच होता. मी गेलो नाही. विमान पकडलं.

आता ईस्टरचं सांगतो.

टूवूंबाहून दक्षिणेला दोनेक तासांवर ग्रॅनाइटचे डोंगर आहेत. सुजाताने तिथे जायचा घाट घातला. बाबा घरात बसून कंटाळलेत, म्हणाली. मी तोवर कधी तिकडे गेलो नव्हतो, मुद्दाम. फोटोत पाहिले होते ते दगड. उर्वीला असाइनमेंट होती, ती आली नाही. आम्ही तिघंच. पिकनिकच्या बाकावर बसून पोळी-भाजी काढली. बाबांनी दोन घास खाल्ले आणि डबा सरकवला. "जावईबापू, हे दगड कोणी आणून ठेवले असतील हो इथे? कॉन्ट्रॅक्टरचं बिल काय झालं असेल..." सुजाता खूप हसली.

नाइट ड्युटी करून आलेली होती ती. तीनच्या सुमाराला म्हणाली, "मी गाडीत जरा पडते. तू बाबांकडे लक्ष ठेव हं. एक मिनिटही सोडू नकोस."

"झोप तू."

मी फोन काढला. ऑफिसचा एक मेसेज, त्याला उत्तर, मग क्रिकेट, मग आणखी काहीतरी. मान वर केली तेव्हा बाक रिकामा होता. घड्याळात बघितलं. अर्धा तास झाला होता. थोडा जास्तच.

मी हाक मारली, सुजाता गाडीतून धावत आली. "किती वेळ झाला?"

आणि मी म्हटलं, "पाच-सात मिनिटं."

का? तुम्ही विचाराल. मीही विचारतो. तोंडातून आपोआप आलं, तेरा वर्षांपूर्वी आलं तसंच. पार्कची रेंजर बाई गाडी घेऊन आली. सुजाताने तिला वय सांगितलं, शुगर सांगितली, अंगात फक्त हाफ स्वेटर आहे हे सांगितलं. रेंजर म्हणाली, "नो वरीज, पाच मिनिटांत फार लांब नाही जाणार. ओढ्याच्या अलीकडेच असतील." रात्री थंडी शून्याजवळ जाते तिथे. सगळे ओढ्याच्या अलीकडे शोधू लागले. फिरायला आलेली चार-पाच माणसंही मदतीला लागली. माझ्या सांगण्यावरून सगळे चुकीच्या जागी.

मला ते कळत होतं. म्हणून मी एकटाच ओढा ओलांडून वर दगडांत शिरलो. बोललो मात्र नाही. शोधून आणू गुपचूप, म्हणजे सांगावं लागणार नाही, असं मनात होतं. एवढा मी बनेल.

वर गेलो, हाका मारल्या. सव्वाचार झाले असतील, ऊन पिवळं पडलं होतं. तेव्हा शिट्टी ऐकू आली.

एक. आणि तिच्या मागे लगेच दुसरी, जराशी खालच्या पट्टीतली.

मी जागच्या जागी खाली बसलो. तो आवाज मी तेरा वर्षांत कुठे ऐकला नव्हता, पण विसरलोही नव्हतो. पुन्हा आला, वरच्या बाजूने. मी फोन काढला, एक कांडी सिग्नल होता. सुजाताला लावला.

"सापडले?"

"नाही. सुजाता, पाच मिनिटं नव्हती. अर्धा तास होऊन गेला होता. मी फोन बघत होतो. मी खोटं बोललो."

ती म्हणाली, "बरं." आणि लांबून तिचा आवाज, रेंजरला सांगणारा — ओढ्याच्या पलीकडे, मोठा गोल घ्या, अर्धा तास झालाय. मग मला म्हणाली, "तू वर आहेस ना? मग वरच शोध. माझ्याशी नंतर बोल."

मी उठलो आणि त्या आवाजाकडे चढलो. दोन मोठ्या दगडांच्या वर, शेंड्यावर, काहीतरी उभं होतं. माझ्यापासून साठेक मीटर असेल, अंतराचा अंदाज माझा चुकत नाही. उजेड त्याच्या मागून येत होता. लहान, करडाएवढं, पाय एका जागी जवळ घेतलेलं. वॉलबी, म्हणजे इथलं लहान कांगारू, नव्हे; वॉलबी मी रोज बघतो. ते वळलं आणि दगडांमागे गेलं. जाताना मागचा एक पाय टेकवत नव्हतं.

मी पळालो. खरं तर पळू नये अशा जागी पळालो. पुढे दोन दगडांमध्ये फट होती, चारेक फुटांची, आणि पलीकडे एक सपाट शिळा, उडी मारून उतरायला अगदी सोयीची. मी उडीसाठी गुडघे वाकवले.

आणि माझ्या उजव्या खांद्यावर हात आला.

हीच ती गोष्ट, जी मी कुणाला सांगितलेली नाही. वारा नव्हता, फांदी नव्हती. हात होता. चार बोटं पुढे, अंगठा मागे, वजनासकट. हा हात मला ओळखीचा होता. मी मागे वळून बघितलं नाही. भीती वाटली म्हणून नाही... मागे बघायचं नसतं, हात उचलेपर्यंत पुढेच बघत थांबायचं असतं. मी थांबलो.

किती वेळ ते सांगता येणार नाही. माझ्या धापांचा आवाज हळूहळू कमी झाला. तो कमी झाल्यावर खालून, त्या फटीतून, बारीक आवाज आला. कुणीतरी पंचशील म्हणत होतं. पहिलं शील म्हणून झालं की आवाज थांबायचा, घुटमळायचा आणि पुन्हा पहिलंच सुरू व्हायचं. बाबांना दुसरं आठवत नव्हतं.

मी वरून दुसरं म्हटलं. जरा मोठ्याने.

मग बाबांनी ते माझ्यामागून म्हटलं. मी तिसरं म्हटलं, त्यांनी तिसरं म्हटलं. मी चौथं म्हटलं... पूर्ण म्हटलं, नुसते ओठ हलवून नव्हे. पाचव्यापर्यंत आम्ही दोघं आलो, आणि खांद्यावरचं वजन उचललं गेलं.

"कोण आहे वर?" बाबा म्हणाले. "काहून उशीर लावला जावईबापू? पाठ दुखून राहिली ना माझी."

मी सुजाताला फोन केला, ती आणि रेंजर बाई वीस मिनिटांत पोचल्या. आम्ही मागच्या बाजूने फटीत उतरलो. बाबा तळाशी दगडाला टेकून बसले होते. घोटा सुजलेला, ओठ कोरडे, बाकी ठीक. सुजाताने शुगर तपासली, तोंडात ग्लुकोजची गोळी घातली आणि मग त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. रेंजर बाईने वर जाऊन त्या सपाट शिळेला बुटाने जरा रेटलं. शिळा डुलली. तिने माझ्याकडे बघितलं. "यावर पाय नाही ना ठेवला तुम्ही, मेट?" शिळेच्या बरोबर खाली बाबांचं डोकं होतं.

बाबांच्या मुठीत केसांचा एक झुपका होता. करडा-पिवळसर, जाड. "शेळी होती," म्हणाले. "लंगडी. जवळ येऊन बसली. मी पकडली तर पळाली."

आता भोकं शोधू. तुम्ही शोधाल त्याआधी मीच शोधतो. केस उर्वीने युनिच्या लॅबमध्ये बघितले. "हॉलो आहेत, पापा. बट ऑल डिअर हॅव दॅट. त्या भागात मोकाट सुटलेली फेरल डिअर आहेतच. प्रॉबेब्ली वन ऑफ दोज." बरोबर असेल तिचं. शिट्टीबद्दल रेंजर म्हणाली पक्षी, इथे शिट्टी घालणारे पक्षी ढिगाने आहेत. तेही मान्य. लंगडणारं हरीण, दगडांवर पळताना कुणीही लंगडेल. हाताला मात्र मला काही सापडलेलं नाही. घाबरल्यावर खांद्याचे स्नायू आखडतात, असं वाचलं. चार बोटं पुढे आणि अंगठा मागे असे आखडतात का, ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

त्या रात्री मी सुजाताला नामिबियाचं सगळं सांगितलं. हात सोडून. शेवटी तिने विचारलं, "तो माणूस जिवंत आहे का?"

"माहीत नाही."

"मग शोध. मला काय सांगतोस?"

तीन आठवडे गेले. खाणीवरच्या एका जुन्या ओळखीच्या माणसाकडून पेत्रुसच्या भाचीचा नंबर मिळाला. एका शनिवारी आमच्या इथे आर्व्हो, म्हणजे दुपार होती, तिकडे सकाळ, तेव्हा फोन लावला. भाचीला माझं नाव सांगितलं, ती त्याला बोलवायला गेली. बराच वेळ नुसती कोंबड्यांची कलकल ऐकू आली, मग काठीचा टक टक आवाज.

"मिस्टर," तो म्हणाला.

मी सगळं एका दमात बोललो. गोळी लागली होती, मी केस पाहिले होते, मादी होती, मालकाशी खोटं बोललो. पाठ केल्यासारखं.

"मला माहीत आहे," पेत्रुस म्हणाला. "हात माझा होता. तू माझ्या हाताखालून गोळी मारलीस."

मी म्हटलं, "तिचं काय झालं?"

"जगली ती," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा जरा हसू आलं. "रविवारी मला वर दिसली. तीन पायांवर. नर तिच्यावर पहारा देत होता, आपली चरायची पाळी सोडून. मी तिच्याकडे बघत बसलो आणि पाय चुकीच्या जागी टाकला. तुझी चूक नाही ती, माझी आहे. पुढच्या वर्षी बायकांनी तिला पिल्लासकट पाहिली."

मी विचारलं, मी काय करू? पैसे नको, म्हणाला. कागद नको, मालक कागदावर विश्वास ठेवत नाही. म्हातारा अजून आहे, रोज सकाळी ओसरीवर बसतो. "इथले लोक अजून मला चोर म्हणतात. तू ये. माझ्यासोबत त्या ओसरीवर चल. त्याच्या तोंडाकडे बघून सांग."

"येतो," मी म्हटलं.

"ये. आणि मिस्टर, या वेळी मी हात उचलेपर्यंत थांब."

मी त्याला ऑस्ट्रेलियातलं काहीच सांगितलं नव्हतं. बाबांचं नाही, दगडांचं नाही, खांद्याचं तर नाहीच. जुनी आठवण म्हणून म्हणाला असेल. असेलच. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच अंगणात उभा होतो, आणि आतून बाबा मला विचारत होते की पाचवं शील कोणतं, कारण चार त्यांना आठवली होती.

ऑगस्टची दोन तिकिटं काढली आहेत. सुजाताही येते आहे. पेत्रुसच्या कंबरेचा एक्स-रे आधी मला बघू दे, म्हणते, तेरा वर्षं काठीवर काढायची कदाचित काही गरज नव्हती. बाबांजवळ उर्वी राहील. मागच्या रविवारी वंदनेत मी पाचही शीलं मोठ्याने म्हटली. चौथंसुद्धा.

पेत्रुस चोर नव्हता, खोटं मी बोललो होतो. एवढंच एक वाक्य मला त्या ओसरीवर, मालकासमोर, पेत्रुसच्या देखत म्हणायचं आहे. ते मी अजून म्हटलेलं नाही.